टिकली न लावलेला फोन

दोन हजार एकेचाळीस सालच्या मे महिन्यात लातूरच्या बिराजदारांच्या घरी दोन फॉर्म मुक्कामाला आले होते. फ्रिजच्या डोक्यावर, पापडाच्या डब्याखाली दाबून ठेवलेले. फॉर्म कागदाचेच होते. पडद्यावरचं काहीही खोटं असू शकतं हे एकदा कळल्यावर सरकार पुन्हा कागदावर आलं होतं आणि झेरॉक्सवाल्यांचे दिवस पालटले होते. दोन्ही फॉर्मची शेवटची तारीख एकच, पंधरा जून. भरायचा मात्र एकच; दोन भरले तर दोन्ही बाद, असं तळाशी ठळक छापलेलं.

पहिला फॉर्म संगणक न्यायतपासणीच्या व्यावसायिक प्रमाणपत्राचा. सहा महिने, लातुरातच, सकाळचे वर्ग. पास झालं की जिल्हा प्रयोगशाळेत यंत्रावर नेमणूक पक्की. दुसरा त्याच विषयाच्या पदव्युत्तर प्रमाणपत्राचा. दीड वर्ष, नागपूरला, वसतिगृहात राहून, आणि शेवटी नोकरीची हमी कुणाचीच नाही. मयुरी बिराजदार सदतीस वर्षांची, मुलगी ईश्वरी यंदा दहावीला, नवरा शिवकुमार औश्याच्या शाळेत गणिताचा मास्तर. अशा बाईने कुठला फॉर्म भरावा हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. सगळ्यांनी मिळून पहिला ठरवला होता. मयुरीनेही ठरवला होता, फक्त दुसरा फॉर्म ती फेकून देत नव्हती. पापड काढायला डबा उचलला की तो वाचायची आणि परत ठेवायची.

मयुरी गेली अकरा वर्षं गंजगोलाईमागच्या गल्लीत युसूफभाईंच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करत होती. बीएस्सी होऊन कुठे नोकरी लागेना तेव्हा युसूफभाईंनी तिला भिंगाखाली सोल्डरचे डाग द्यायला शिकवलं. आता त्यांच्या हाताला कंप सुटला होता. ते गल्ल्याजवळ बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत आणि बारीक काम सगळं मयुरीकडे. तांदळाच्या कणीएवढा भाग बोर्डावरून उचलून दुसरा बसवताना ती श्वास रोखते, असं युसूफभाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. ती श्वास वगैरे काही रोखत नसे, पण गिऱ्हाइकांना ते ऐकायला आवडायचं.

दोन्ही फॉर्म ज्या यंत्रामुळे जन्माला आले त्याचं सरकारी नाव मोठं आहे. लोक त्याला वयकाढ्या म्हणतात.

फोनमधली चिप म्हणजे अब्जावधी सूक्ष्म कप्पे. फोटो काढला की त्यातल्या काही कप्प्यांत विद्युतभार कोंडला जातो, आणि तो तिथे राहतो म्हणून फोटो राहतो. पण कप्पे कितीही पक्के असले तरी भार अगदी थोडा थोडा गळत असतो. डबीत ठेवलेला कापूर जसा झाकण न उघडता झिजतो, तसा. फोटोवर लिहिलेली तारीख कुणालाही बदलता येते, फोटो तर आता शाळेतली पोरंही हवा तसा बनवतात; पण कप्प्यातून किती भार गळला हे कुणाला बदलता येत नाही. वयकाढ्या ती गळती मोजतो आणि सांगतो, हा फोटो या चिपवर अमुक इतक्या दिवसांपूर्वी लिहिला गेला. हे यंत्र आलं आणि कोर्टकचेऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खरं काय नि खोटं काय ते सांगणारं कुणीतरी एकदाचं मिळालं होतं.

यंत्र चालवणारा निराळा आणि यंत्राला प्रश्न विचारणारा निराळा, असं कायद्याने ठरवून टाकलं. व्यावसायिक प्रमाणपत्रवाल्याने चिप बसवायची, यंत्राने छापलेला आकडा मोहोरबंद करायचा, सही करायची. यंत्राच्या पोटातले कच्चे आकडे उघडायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि ‘माझ्या मते’ असं लिहायचं, हा अधिकार फक्त पदव्युत्तर प्रमाणपत्रवाल्याला. असे लोक साऱ्या महाराष्ट्रात तेव्हा चार होते.

कापूर उन्हात लवकर उडतो तसा चिपमधला भारही उष्णतेने लवकर गळतो. हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून दुरुस्तीवाल्यांसाठी एक नियम आला: ज्या बोर्डावर ब्लोअरने गरम हवा मारली, त्यावर लाल ठिपका चिकटवायचा आणि वहीत नोंद करायची. दुकानदार त्या ठिपक्याला टिकली म्हणत. टिकली लागलेल्या फोनला जुन्या बाजारात कुणी विचारत नसे. गिऱ्हाईक हळूच म्हणायचं, ताई, टिकली नको. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तर तेवढंही म्हणावं लागत नसे. त्याची टिकली वाचवणं ही गल्लीतली माणुसकी होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दुकान निवांत असताना लोखंडे सिस्टर आल्या.

सत्वशीला लोखंडे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात परिचारिका. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. निदान तशा होत्या. आज त्या बाकावर टेकल्या तेव्हा मयुरीला वाटलं, आजारातून उठल्यात. युसूफभाईंनी चहा सांगितला, तर नको म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं.

लशींच्या फ्रिजवरच्या तापमापकाचा फोटो रोज सकाळी काढायचं काम त्यांचं. मागच्या अठरा ऑगस्टला काटा चौदावर गेला होता; आठ अंशांच्या वर गेला की लशी वाया. फोटो काढला, पण तो चढवायचं सरकारी पोर्टल त्या आठवड्यात बंद होतं, म्हणून वरिष्ठांना तोंडी सांगितलं की या लशी देऊ नका. त्या दिल्या गेल्या. पुढे बत्तीस लेकरांना पुन्हा टोचावं लागलं, आईबाप चिडले, चौकशी लागली. वरिष्ठ म्हणाले, मला कुणी काही सांगितलं नाही. सिस्टरनी फोन पुढे केला. तो वयकाढ्यावर चढला आणि यंत्राने छापून दिलं की अठरा ऑगस्टचा म्हणून दाखवलेला हा फोटो तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. म्हणजे बाईने कुठला तरी जुना फोटो तारीख बदलून पुढे केला. त्या सहा महिन्यांपासून निलंबित होत्या. बारा जूनला शेवटची सुनावणी, आणि त्यानंतर फसवणुकीचा गुन्हा.

“सप्टेंबरात तुम्ही माझा फोन उघडला होता, मयुरीताई,” सिस्टर म्हणाल्या. “चार्जिंग होत नव्हतं. तवा तो फोटो तुमच्या नजरेला पडला होता का? आठवून बगा जरा.”

मयुरीला आठवलं. फोटो नव्हे, फोन. सिस्टरनी चार वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून घेतलेला. चार्जिंगचा भाग जळलेला, स्मृतीच्या चिपला अगदी खेटून. तिने साडेतीनशे अंशांवर ब्लोअर धरला होता. भाग निघेना म्हणून पुन्हा धरला होता. आणि नंतर टिकलीची डबी उघडून परत बंद केली होती. सिस्टरचा फोन आहे, उद्या बदलायला काढतील तर काय मिळेल त्यांना, असा विचार करून.

“नाही सिस्टर,” ती म्हणाली. “आम्ही कुणाचे फोटो बघत नाही.”

हे खरं होतं, आणि या दुकानाला त्याचा अभिमान होता. सिस्टरनी मान हलवली, पदर सावरला आणि उठल्या. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मयुरी बघत राहिली आणि तिने हाक मारली नाही. पुढे कितीतरी दिवस तिला त्या न मारलेल्या हाकेची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती जिल्हा प्रयोगशाळेत गेली. तिथल्या प्रमुख गोजमगुंडे मॅडम दुकानात येऊन मयुरीला दोनदा सांगून गेल्या होत्या की तुझ्यासारखा हात मला यंत्रावर हवाय. मयुरीने नाव न घेता विचारलं: एखाद्या चिपला खेटून दोन मिनिटं ब्लोअर मारला आणि टिकली लावली नाही, तर वयकाढ्या काय म्हणेल? मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुणाचा फोन ते त्यांनी विचारलं नाही. सिस्टरच्या फोनच्या कागदावर त्यांचीच सही होती.

त्या म्हणाल्या की यंत्र म्हाताऱ्या वयाचा आकडा देईल. पण खऱ्या वयाने चिप सगळीकडून सारखी झिजते. ब्लोअरने एका बाजूने भाजते, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. कच्चे आकडे उघडून कोपऱ्या-कोपऱ्यातला फरक पाहिला तर जाणकाराला ते कळेल. यंत्र मात्र सरासरी छापतं, आणि त्यांना छापलेल्यावर सही करण्यापलीकडे हात लावता येत नाही. त्याच फोनमधला दुसरा एखादा फोटो तपासून पाहावा, तर तेही नाही. एक फोटो विचारला होता, एक तपासला.

“मी पहिल्या तुकडीची, मयुरी. सहा महिन्यांची,” मॅडम म्हणाल्या. “मला बटण दाबता येतं. बोलता येत नाही.”

मग त्यांनी वाट सांगितली. ज्याने ब्लोअर मारला त्याने प्रतिज्ञापत्र दिलं तर फाईल नागपूरच्या तज्ज्ञांकडे मतासाठी पाठवावीच लागते. बारा जूनच्या आत दिलं तरच. एकदा निकाल लिहिला गेला की यंत्राचा कागद शेवटचा. आणि टिकली चोरल्याची कबुली देणाऱ्याला प्रयोगशाळेच्या यंत्रावर कधीच बसता येत नाही. व्यावसायिक प्रमाणपत्राच्या फॉर्ममध्ये सातव्या कलमात तसं स्वच्छ लिहिलंय. नागपूरचे विद्यापीठवाले पदवी आणि प्रवेशपरीक्षा बघतात, दुकानाची वही बघत नाहीत. एवढं बोलून मॅडमनी चष्मा घातला आणि म्हणाल्या की त्यांना आता एक चिप चढवायची आहे.

मयुरीने घरी सांगितलं ते जेवणं झाल्यावर, भर दुपारी, रविवारी. ईश्वरी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणजे कान लावून बसली होती. शिवकुमार आधी नीट ऐकत होता. तो रागावणारा माणूस नव्हता. गणित सुटलं नाही की तो वही बाजूला सारून खिडकीतून बघत बसायचा, तसाच आताही बसला. मग त्याने सगळं मांडून दाखवलं. घरापासून दहा मिनिटांवरची पक्की नोकरी आहे. कबुली दिली की ती गेली, दुकानाचा परवानाही जाईल, म्हणजे युसूफभाईंनाही भोगावं लागेल. आणि नागपूरचं शिकून ती या बाईचं काही भलं करू शकणार नाही, कारण ज्या फोनला तिने हात लावला त्यावर तिचं मत कुणी घेणारच नाही. यातलं काहीच चूक नव्हतं. म्हणून मयुरीला जास्त त्रास झाला.

“तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार हाय?” तो शेवटी म्हणाला. ते बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“सिस्टरला पण कळणार नाही,” मयुरी म्हणाली. “तेच तर हाय ना. त्यांना आयुष्यभर कळणार नाही की काय झालं.”

शिवकुमारची आई, महानंदाबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना चिप नि भार यातलं किती समजलं कोण जाणे. त्या म्हणाल्या की लेकराच्या दहावीचं मी बघते, मला काय धाड भरलीय. मग जरा थांबून, पोराकडे न बघता त्यांनी सुनेला सांगितलं की नागपूरला जायलीस तर जा, पण तिथं आणि कुणाचा फोन भाजून ठेवू नको. शिवकुमारला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तो उठून गच्चीवर गेला. संध्याकाळी खाली आला तेव्हा त्याने फ्रिजवरचा डबा उचलून एक फॉर्म काढला आणि शाईचं पेन तिच्यापुढे ठेवलं. नागपूरचा होता. ईश्वरी दोन दिवस आईशी तुटक बोलली, आणि तिसऱ्या दिवशी वसतिगृहात जेवण कसलं असतं ते विचारायला आली.

युसूफभाईंना सांगणं सगळ्यांत कठीण जाईल असं मयुरीला वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, डबी काढून टिकल्या मोजल्या नाहीत की तिला बोल लावला नाही. ते म्हणाले की टिकली वाचवायला मीच तुला शिकवलं, तर कागदावर माझंही नाव घाल. तिने घातलं नाही. हात तिचा होता.

प्रतिज्ञापत्र आठ जूनला दाखल झालं. त्याची एक प्रत लोखंडे सिस्टरना गेली. मयुरी स्वतः जाऊन सांगणार होती; दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली, आणि दुसऱ्यांदा बेल वाजवली. सिस्टरनी दार उघडलं, सगळं ऐकलं, आत या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी दुकानातच का नाही सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. मयुरी म्हणाली, भ्याले. सिस्टरनी दार लावून घेतलं, आपटलं नाही.

बारा तारखेला सुनावणी झाली. चौकशी अधिकारी तरुण होते, नेटके होते, आणि त्यांच्यासमोर यंत्राचा कागद मोहोरेसकट ठेवलेला होता. मयुरीने तारीख सांगितली, तापमान सांगितलं, दोनदा ब्लोअर मारला हे सांगितलं, टिकली लावली नाही हेही सांगितलं. टायपिस्ट ते उतरवून घेत होता. मग अधिकाऱ्यांनी विचारलं की त्या उष्णतेमुळे फोटोचं वय तीन वर्षांनी वाढलेलं दिसू शकतं का.

तिला उत्तर ठाऊक होतं. गेल्या दोन आठवड्यांत शिवकुमारला शेजारी बसवून तिने गळतीचं गणित तीनदा केलं होतं, आणि तिन्ही वेळा आकडा तीन वर्षांच्या आसपास आला होता. वही पिशवीत होती. पण ते उत्तर तिच्या तोंडून कागदावर चढलं असतं तर पलीकडच्या वकिलाने सगळं प्रतिज्ञापत्रच बाद करायला मागितलं असतं, हे मॅडमनी बजावून सांगितलं होतं.

“ते सांगायचा मला अधिकार नाही, साहेब,” ती म्हणाली. “मी ब्लोअर मारला, एवढंच मी सांगू शकते.”

अधिकाऱ्यांनी निकाल राखून ठेवला आणि फाईल नागपूरला मतासाठी पाठवायचा आदेश दिला. तिथे रांग आठ महिन्यांची होती. गुन्हा तूर्त थांबला; निलंबन तसंच राहिलं. सिस्टरनी आदेश उभ्यानेच ऐकला.

बाहेर लांबच लांब व्हरांडा होता, आणि एकच बाक. मयुरी बाहेर आली तेव्हा सिस्टर त्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. ती दुसऱ्या टोकाला उभी राहिली, निघून जावं की थांबावं हे तिला सुधरेना. टायपिस्ट सही घ्यायला कागद घेऊन आला होता, तो तिथेच घुटमळत होता.

“सहा महिने लई विचार केला मी,” सिस्टर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “यंत्र काही माझं वैरी न्हाई. त्याला माझ्याशी खोटं बोलून काय मिळायचंय? मग मला वाटायला लागलं, माझंच काही चुकलं असंल. मीच कुठला तरी जुना फोटो लावला असंल आणि इसरले असंन. तो दिवस आठवायला बसलं की आता आठवतच न्हाई मला. फ्रिज आठवतो, काटा आठवत न्हाई. तीस वर्षं नोकरी केली मी, ताई. आता रोज सकाळी गॅस बंद केला का, ते चारदा बघते.”

मयुरीला वाटलं होतं आपण या बाईची नोकरी घालवली, अब्रू घालवली. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती बाकावर बसली, अगदी सिस्टरना लागून.

सिस्टरनी मान वळवली. “आत इचारलं तसं न्हाई इचारत मी. कागदावर घेऊ नका. तुमाला काय वाटतं? मी काढला होता का तो फोटो?”

टायपिस्टने मान वर केली. मयुरीने त्याच्याकडे बघितलं, आणि मग बघितलं नाही. कच्चे आकडे तिने पाहिलेले नव्हते. ते पाहायला तिला अजून दीड वर्ष शिकायचं होतं, आणि शिकूनही या फोनचे आकडे तिच्यापुढे कधी येणार नव्हते. तिने सिस्टरचा हात हातात घेतला.

“काढला होता, सिस्टर,” ती म्हणाली. “अठरा ऑगस्टला सकाळी. काटा चौदावर गेला होता आणि तुम्ही फोटो काढला. तुम्ही काही विसरला नाहीत. मी भाजलं ते.”

सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

“आणखी एकदा सांगा,” त्या म्हणाल्या.

मयुरीने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.